आजोबांच्या घड्याळात तेल सोडू नका: खिशातल्या घड्याळांच्या नेहमीच्या चुका

खानदेशात लग्नसराई ऐन उन्हात येते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे कपाटातली खिशातली घड्याळं बाहेर निघतात. जाकीट नवं शिवलेलं, साखळी घासून लख्ख, आणि घड्याळ बंद. मग घरातलाच कुणीतरी मागचं झाकण उघडतो. पुढच्या दहा मिनिटांत होणारं नुकसान बहुतेक वेळा आधीच्या पन्नास वर्षांत झालेलं नसतं.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे शिलाई मशीनचं तेल. बंद पडलेल्या जुन्या घड्याळात तेल सुकून डिंकासारखं झालेलं असतं. त्यावर नवं तेल सोडलं की तो चिकटा थोडा सैल होतो, घड्याळ टिकटिक करू लागतं आणि सगळे खूश होतात. ती टिकटिकच घात करते. सैल झालेला मळ तेलाबरोबर पिव्होटच्या, म्हणजे चाकांच्या दांड्यांच्या बारीक टोकांच्या, भोकांत उतरतो. जिनिंगच्या हंगामात आपल्याकडे हवेत कापसाची तूस आणि धूळ असते, तीही त्यात मिसळते. असं घड्याळ रोज चालवलं की ते मिश्रण पॉलिश पेपरसारखं पोलाद घासत राहतं.

भुसावळच्या एका रेल्वे कुटुंबातल्या वॉल्थम या अमेरिकन घड्याळाचं हेच झालं. लग्नाच्या आदल्या दिवशी घड्याळाच्या मशीनवर चार-पाच थेंब तेल सोडलं. घड्याळ चाललं, वरातीतही चाललं. आठवड्याने ते दिवसाला पाऊण तास पुढे जायला लागलं, कारण तेल पसरत हेअरस्प्रिंगवर, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या बॅलन्स चाकाच्या बारीक वेटोळ्या स्प्रिंगवर, गेलं होतं आणि तिचे वेढे एकमेकांना चिकटले होते. वेढे चिकटले की स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. मग कुणीतरी सुचवलं म्हणून अख्खं मशीन स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलं. पॅलेटचे, म्हणजे चाकं अडवून-सोडून चालवणाऱ्या तुकड्याचे, खडे लाखेने बसवलेले असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एक खडा निसटला, दुसरा तिरका झाला. घड्याळजीच्या टेबलावर आलं तेव्हा बॅलन्सच्या दांड्याचं टोकही झिजलेलं होतं. लेथवर नवा दांडा करावा लागला, खडे पुन्हा लाखेने बसवावे लागले. वेळेत केलेल्या साध्या सर्व्हिसिंगच्या कितीतरी पट खर्च आला.

म्हणून बंद घड्याळाला एकच उपाय: पूर्ण खोलायचं, धुवायचं, मग तेल द्यायचं. धुण्यासाठी नॅफ्था किंवा लायटर फ्लुइड, कारण त्याने लाख विरघळत नाही. तेलही एकच चालत नाही. बॅलन्स आणि जलद फिरणाऱ्या चाकांना मोबियस ९०१० सारखं पातळ, मधल्या संथ चाकांना जाड, मेनस्प्रिंगला, म्हणजे किल्ली दिल्यावर भरणाऱ्या कमानीला, त्याचं वेगळं ग्रीस. पिव्होट ज्यात फिरतो त्या प्रत्येक खड्याच्या वाटीत सुईच्या टोकावर मावेल इतकंच, वाटी काठोकाठ भरता कामा नये. हेअरस्प्रिंगला आणि चाकांच्या दात्यांना तेल कधीच नाही. ज्याला हे करायचा धीर नाही, त्याने झाकण उघडूच नये. घड्याळ बंद राहिलं तर बिघडत नाही, घाईने बिघडतं.

दुसरी गोष्ट, ‘किल्ली जास्त झाली म्हणून अडकलं’. हे वाक्य मला दर हंगामात ऐकू येतं आणि ते चूक आहे. मुकुट (वरचं गोल बटण) फिरवून किल्ली देण्याच्या घड्याळात किल्ली शेवटपर्यंतच द्यायची असते. कमान पूर्ण भरली की बोटाला ठाम अडथळा जाणवतो, तिथे थांबायचं. कमान भरलेली आहे आणि तरी घड्याळ चालत नाही, तर दोष मळाचा, वाळलेल्या तेलाचा किंवा मोडलेल्या पिव्होटचा. ‘जास्त किल्ली’च्या भीतीने रोज अर्धीच किल्ली देणाऱ्याचं घड्याळ दुपारनंतर मागे पडतं, आणि मग तो रेग्युलेटरशी, म्हणजे वेग कमी-जास्त करायच्या पट्टीशी, खेळतो. रोज सकाळी ठरल्या वेळी पूर्ण किल्ली द्या. बहुतेक चांगली घड्याळं ३० ते ३६ तास चालतात.

त्याच भरलेल्या कमानीचा दुसरा धोका: मशीन खोलण्याआधी कमान सोडली नाही, तर पॅलेट काढताक्षणी सगळी चाकं सुसाट फिरतात आणि दाते किंवा पिव्होट मोडतात. मुकुट बोटांत घट्ट धरा, लाकडी काडीने क्लिक (कमान उलटी सुटू न देणारी खिट्टी) बाजूला दाबून धरा आणि मुकुट बोटांमधून हळूहळू सुटू द्या. निर्धोक पद्धत ही एवढीच आहे.

वेळ लावताना मुकुट ओढून ओढून तोडणारेही पुष्कळ. अमेरिकन रेल्वे घड्याळांत वेळ लावायला वेगळा लिव्हर असतो: पुढची काच धरणारी कडी उघडायची, बहुधा १ आणि २ च्या मध्ये काठाला दिसणारी पट्टी नखाने बाहेर ओढायची, काटे लावायचे, पट्टी आत ढकलायची, मगच काच बसवायची. काही स्विस घड्याळांत मुकुटाशेजारी छोटी पिन असते. ती दाबून धरत मुकुट फिरवायचा. चावीच्या घड्याळात जोर लावण्याआधी दिशा बघा, बरीच इंग्लिश घड्याळं डावीकडे भरतात.

झाकणाच्या घड्याळाचं झाकण ‘टक’ आवाज करत बंद करू नका. मुकुट दाबा, झाकण मिटवा, मुकुट सोडा. नाहीतर खटका झिजतो आणि झाकण खिशात आपोआप उघडतं.

घड्याळाच्या चांदीच्या डबीला (बाहेरच्या कवचाला) टूथपेस्ट, लिंबू, चिंच काहीही नको, मऊ सुती कापड पुरे.

पांढऱ्या मिन्याच्या तबकडीवर अंगठा टेकवून काटे काढायला जाऊ नका, केसासारखी चीर जाते ती कायमची.

घालताना: घड्याळाचा खिसा फक्त घड्याळाचा. नाणी, चाव्या, मोबाइल दुसरीकडे. मोबाइलच्या कव्हरमधल्या लोहचुंबकाने हेअरस्प्रिंग चुंबकित होते आणि घड्याळ अचानक पुढे पळायला लागतं. जवळ होकायंत्र धरा, सुई बॅलन्सच्या तालात हलली तर चुंबकत्व नक्की. डीमॅग्नेटायझर (चुंबकत्व घालवायचं यंत्र) चालू ठेवून घड्याळ हातभर दूर न्या, मग बटण सोडा. उन्हात उभ्या गाडीत घड्याळ ठेवू नका. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेरच ४५ अंशांच्या घरात असतं, बंद गाडीत तेल पातळ होऊन पिव्होटवरून सरकतं. रात्री आडवं टाकण्यापेक्षा खुंटीला टांगा, म्हणजे दिवसा खिशात जसं उभं असतं तसंच रात्रीही राहील आणि वेळेतला फरक कमी पडेल.

विकत घेताना डबीवरच्या आकड्याने वय ठरवू नका. अमेरिकेत मशीन आणि डबी बऱ्याचदा वेगवेगळी विकली जात आणि दुकानदार जोडून देत, म्हणून सीरियल नंबर मशीनवरचाच वाचा. ‘सिल्व्हरॉइड’ आणि जर्मन सिल्व्हर या मिश्रधातूंमध्ये चांदी अजिबात नसते. आणि सोनेरी डबीवर ‘२० वर्षं हमी’ असं कोरलेलं असेल तर तो वरून चढवलेला सोन्याचा पातळ पत्रा आहे, हमी तो पत्रा झिजून न जाण्याची आहे, त्यामुळे भाव अस्सल सोन्याचा देऊ नका.