सायलेन्सरचा पत्रा कापायच्या आधी

सगळ्यात आधी इंजिनाचा धूर किती गरम आहे ते मोजा, आणि इंजिन लोडवर असताना मोजा. बाकी काही विसरलात तर वेल्डिंग तोडून दुरुस्त करता येतं. हे विसरलात तर माप चुकतं आणि अख्खा सायलेन्सर नव्याने करावा लागतो. मला करावा लागला, म्हणून हे लिहून ठेवतोय.

खालची सगळी मापं एका सिलिंडरच्या, 5 हॉर्सपॉवरच्या, 1500 आरपीएमच्या डिझेल इंजिनाची आहेत. लातूरच्या एका अभ्यासिकेमागच्या बोळात जनरेटरला जोडलेलं इंजिन. रसवंतीला, कडबाकुट्टीला, विहिरीवरच्या पंपाला हेच इंजिन असेल तरी रीत तीच, फक्त आकडे आपले घाला.

कागद-पेन घ्या. नेमप्लेटवरून आरपीएम, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची धाव) उतरवून घ्या. मिस्त्रीला विचारू नका, तो अंदाजाने सांगतो. माझं इंजिन 80 मिमी बोअर, 110 मिमी स्ट्रोक, म्हणजे 553 सीसी. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच धूर सोडतं, म्हणून 1500 भागिले 60, त्याला पुन्हा 2 ने भागा. 12.5 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साडेबारा ठोके. हा ठोक्याचा मूळ आकडा, आणि आवाज 12.5 च्या पाढ्यातल्या सगळ्या आकड्यांवर असतो: 25, 37.5, 50, असं वर शेकड्यांत. गावाकडच्या पिठाच्या गिरणीवरचं जुनं 650 आरपीएमचं इंजिन असेल तर हाच आकडा 5.4 येतो. त्याला माझी मापं उचलून लावू नका.

आता तापमान. के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार घ्या, तापमान दाखवणाऱ्या मल्टिमीटरला जोडायची मिळते. जिथं सायलेन्सर बसणार त्या जागी पाइपाला भोक पाडा, वर नट वेल्ड करा आणि तारेचं टोक धुराच्या मधोमध येऊ द्या. हातातल्या इन्फ्रारेड गनने मोजू नका. ती पाइपाच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते, आतल्या धुराचं नाही, आणि दोन्हींत चांगलाच फरक असतो. इंजिनावर पूर्ण लोड टाका. सोपा उपाय म्हणजे पाणी तापवायचे 1500 वॅटचे दोन रॉड पाण्याच्या बादल्यांत सोडायचे. अर्धा तास चालवा आणि मग आकडा लिहा. रिकामं इंजिन चालवून घेतलेला आकडा लिहूच नका, तो नसलेला बरा. माझ्याकडे रिकाम्या इंजिनाला 150 अंश होते, लोडवर 300.

हे एवढं का लावून धरलंय? आवाजाचा वेग तापमानावर ठरतो, आणि सायलेन्सरचं प्रत्येक माप त्या वेगावर. सेल्सिअसमध्ये 273 मिळवा, त्याचं वर्गमूळ काढा, त्याला 20.05 ने गुणा, की मीटर प्रति सेकंदात वेग मिळतो. 25 अंशांना 346 च्या आसपास, 150 ला 412, 300 ला 480. शाळेत पाठ केलेले 340-345 इथं चालत नाहीत. ‘आपल्याकडं मे महिन्यात पारा 42 वर जातो, तेवढं धरलं की झालं’ असं म्हणणारेही भेटलेत. बाहेरच्या उन्हाने वेगात दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो. धुराने जवळजवळ चाळीस टक्क्यांचा.

चाळीस टक्क्यांनी काय बिघडतं तेही बघा. सायलेन्सरचा डबा आणि त्यातून बाहेर जाणारी शेपटीची नळी मिळून एक बाटली तयार होते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की घूं करते, तशी ही जोडीही आपल्या एका ठरावीक आकड्यावर घुमते. तो आकडा इंजिनाच्या ठोक्याजवळ आला तर सायलेन्सर ठोका दाबायचा सोडून वाढवतो. म्हणून तो ठोक्याच्या बराच खाली हवा, ठोका भागिले 1.41 पेक्षाही कमी. 12.5 साठी मर्यादा 8.8. हिशोब असा: डब्याचं आकारमान आणि नळीची लांबी यांचा गुणाकार करा, त्याने नळीच्या छेदाच्या क्षेत्रफळाला भागा, त्याचं वर्गमूळ, ते गुणिले आवाजाचा वेग, भागिले 6.28. सगळं मीटरमध्ये. माझी नळी 38 मिमी, डबा 152 मिमी व्यासाचा आणि 96 सेंमी लांब, शेपूट 3 मीटर. 25 अंश धरून उत्तर आलं 8.1. मर्यादेच्या आत, म्हणून मी खूश. 300 अंशांना तेच गणित 11.3 देतं, म्हणजे 12.5 च्या अगदी शेजारी. कानाला तो ठोका धड ऐकू येत नाही, पण खिडकीच्या काचांना कळतो. वर्कशॉपमध्ये रिकामं चालवून बघितलं तेव्हा सगळं शांत होतं. संध्याकाळी लाइट गेली, अभ्यासिकेचे सगळे पंखे जनरेटरवर आले आणि समोरच्या काकू गॅलरीत येऊन विचारायला लागल्या, ‘अहो, आमच्या खिडक्या कामून वाजायल्यात?’ तर तापमान मोजा. लोडवर.

उपाय दोनच, डबा मोठा करा किंवा शेपूट लांब करा. मी दोन्ही केलं. दोन डबे मिळून साधारण 25 लिटर आणि शेपूट 4 मीटर, गरम धुराला आकडा 8.2. आकारमान इंजिनाच्या सीसीच्या दहापट तरी हवं असा कारागिरांचा ठोकताळा आहे. एका सिलिंडरला तेवढ्यावर थांबू नका.

आता डब्याचं माप. नळी एकदम रुंद झाली की आवाजाची लाट तिथून मागे फिरते, एवढंच डब्याचं काम. किती फिरेल ते क्षेत्रफळांच्या प्रमाणावर. व्यास दुप्पट केला तर जास्तीत जास्त साडेसहा डेसिबल, तिप्पट केला तर तेरा, चौपट केला तर अठरा. दुप्पट व्यासाचा डबा लावून ‘फरक पडला’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. लांबीने ठरतं की हा फायदा कोणत्या आवाजाला मिळणार. ज्या आकड्यावर डबा सगळ्यात चांगला चालतो त्याच्या लाटेचा चौथा हिस्सा म्हणजे डब्याची लांबी. मी 125 हर्ट्झ धरला, कारण त्याच्या फार खालचा आवाज माणसाचा कान तसाही कमी ऐकतो. 480 भागिले 500, म्हणजे 96 सेंमी. थंड हवेचा वेग घातलात तर 69 येईल आणि रिकाम्या इंजिनाचं तापमान घातलंत तर 82. कळलं ना, कोणतं तापमान धरायचं?

पण 125 ला चांगला चालणारा डबा 250 ला काहीच करत नाही. आवाज जसाच्या तसा पार. 500 ला, 750 ला पुन्हा तेच. म्हणून दुसरा डबा हवा आणि तो पहिल्याच्या बरोबर निम्मा नको. निम्मा, म्हणजे 48 सेंमी केला तर 250 भरून निघतं, पण 500 ला दोन्ही डबे एकदमच आंधळे होतात. 40 सेंमी घ्या. त्याचं शिखर 300 वर येतं, पार जाण्याची जागा 600 वर, आणि दोघांच्या चुका एकमेकांवर पडत नाहीत. दोन्ही डब्यांमधली जोडनळी दोन फूट तरी ठेवा आणि तिची लांबी डब्यांच्या आत घुसवून जिरवा. आखूड ठेवली तर 80 हर्ट्झच्या आसपास आणखी एक कमकुवत जागा उघडते. नळ्या डब्याच्या तोंडाशी न संपवता आत शिरवणं तसंही चांगलं.

दोन डबे कशाला, एकाने भागत नाही का, असं मालक विचारतोच. जनरेटरच्या नियमात सायलेन्सरने किमान 25 डेसिबल कमी करावेत असं आहे, आणि कॅनोपीपासून (जनरेटरवरच्या आवाज अडवणाऱ्या पेटीपासून) 1 मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा. एका डब्याचे अठरा हे कागदावरचे अठरा आहेत, प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतात. वर निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 हद्द 45 डेसिबलची. पोरं रात्रीच अभ्यासाला बसतात.

बॅक प्रेशर, म्हणजे धूर अडल्याने इंजिनावर येणारा उलटा दाब. आवाज दाबायच्या नादात धुराची वाट दाबली की इंजिन काळं ओकतं, डिझेल जास्त खातं, लोडवर बसतं. आतली कुठलीच वाट एक्झॉस्ट पोर्टपेक्षा अरुंद नको. जाळीची नळी टाकणार असाल तर सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ नळीच्या दीडपट ठेवा. आणि इथंही तापमान: 300 अंशांचा धूर 25 अंशांच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट जागा घेतो, त्यामुळे आत शिरणाऱ्या हवेवरून नळीचा व्यास काढलात तर फसलात. मोजायला महागडं यंत्र नको. गवंड्याचा लेव्हल पाइप यू आकारात पाणी भरून लावा, एक टोक सायलेन्सरच्या अलीकडच्या भोकाला, दुसरं उघडं. मध्ये अर्धा मीटर तांब्याची नळी घाला, नाहीतर प्लॅस्टिक वितळेल. एका सिलिंडरचं पाणी फार उड्या मारतं, पाइप चिमटून धरा म्हणजे स्थिर होतं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात 10 सेंमी फरक म्हणजे साधारण 1 किलोपास्कल. तुमच्या इंजिनाला किती चालतं ते त्याच्या पुस्तिकेत असतं. हेही लोडवर मोजा, सांगायला नको.

ग्लासवूल एका सिलिंडरच्या डिझेलला घालू नका. ती वरच्या पट्टीतला फुसफुसाट चांगला खाते, पण काजळी आणि तेलाने चिकटली की कामातून जाते आणि खालचा ठोका तिला तसाही झेपत नाही. घालायचीच तर शेवटच्या डब्यात, आणि इतक्या उष्णतेत टिकणारी आहे का ते दुकानदाराच्या तोंडावर नव्हे, थोडी भट्टीत टाकून बघा.

पत्रा 2 मिमी, रोलिंगवाल्याकडून गोल वळवून. चौकोनी पेटी करू नका, तिच्या सपाट बाजू स्वतःच वाजतात. ऑइलच्या ड्रमचा पत्राही नको. दोन्ही टोकांची झाकणं 3 मिमीची. सगळ्यात खालच्या जागी 3 मिमीचं भोक, कारण एक लिटर डिझेल जळून जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, थंड इंजिन सुरू करताना ते आत साचतं आणि पत्रा आतून खातं. एप्रिल 2020 पासून डिझेलमधलं गंधक 10 पीपीएमवर आलंय, त्यामुळे आम्लाचा त्रास कमी झाला, पाण्याचा नाही.

बसवताना सायलेन्सरचं वजन एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर टाकू नका, भिंतीला किंवा अँगलला वेगळा आधार द्या आणि मध्ये बेलोज, म्हणजे धातूची लवचीक घडीची नळी. रबराचं काहीही जवळ नको. 4 मीटर पाइप 300 अंशांना सव्वा-दीड सेंमी वाढतो, तेव्हा क्लॅम्प एकाच जागी घट्ट, बाकीच्या ठिकाणी पाइप सरकू द्या. सगळीकडे आवळलात तर वेल्डिंग फाटेल. हेही तापमानच.

धुराचं तोंड गच्चीच्या वर, कुणाच्या खिडकीकडे नाही, पावसासाठी वर झडप. बोळात धूर साचला तर कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही, म्हणून प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून गळती बघा. इंजिन थंड असताना.

रंग उष्णता सोसणारा ॲल्युमिनियमचा. पहिल्यांदा तापल्यावर तो धूर सोडतो, घाबरू नका. रॉड बादलीत सोडा, अर्धा तास लोड, थर्मोकपलचा आकडा पुन्हा लिहा, समोरच्या खिडक्यांवर हात ठेवून बघा. थंड झाल्यावर फ्लँजचे नट परत आवळा, पहिल्या तापण्यात ते ढिले होतात.