ट्रक घ्यायचाय? आधी वहीत चालवून पाहा

रावेर, सावदा, फैजपूर भागातून केळीने भरलेल्या गाड्या दिल्लीकडे निघतात. त्या चालवणाऱ्या कितीतरी जणांच्या मनात एकच गोष्ट असते: अजून किती दिवस शेठची गाडी? मीही दहा वर्षं दुसऱ्याची गाडी चालवून स्वतःची घेतली. सुरुवातीला फेरी संपली की खिशातली रोकड मोजायचो आणि तीच कमाई समजायचो. चौथ्या महिन्यात पारोळ्याजवळ क्लच गेला, दुरुस्तीला हातउसने पैसे घ्यावे लागले, तेव्हा कळलं की त्या रोकडीतली निम्मी टायरची, विम्याची आणि हप्त्याची होती. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी हा सगळा हिशेब मांडावा असं मी कळकळीने सांगतो.

आधी माल ठरवा, मग गाडी

बहुतेक जण उलटं करतात. स्वस्तात गाडी मिळाली म्हणून घेतात आणि मग भाडं शोधत फिरतात. आपल्याकडे मालाला तोटा नाही, पण प्रत्येक मालाला वेगळी गाडी लागते. केळीला वेळेत पोचणारी, दमदार इंजिनाची गाडी हवी. माल उशिरा पोचला तर भाड्यातून कपात होते. जळगावचे पीव्हीसी पाइप आणि चटया वजनाला हलक्या, पण जागा खातात. तिथे बॉडीची लांबी बघतात. कापसाच्या गासड्यांचं काम दसरा-दिवाळीनंतर जोर धरतं आणि उन्हाळ्यापर्यंत ओसरतं. जळगावच्या डाळ मिल आहेत, दीपनगरच्या वीज केंद्राची राख आहे. आपल्या ओळखीचे दोन-तीन ट्रान्सपोर्टवाले बाराही महिने काय भरतात, हे त्यांच्या ऑफिसात बसून विचारा. त्यांच्या उत्तरावरून सहा टायर, दहा टायर की बारा टायर ते ठरेल.

हातात किती पैसा हवा

समजा, दहा टायरची जुनी गाडी 18 लाखांना ठरली. मार्जिन मनी (आपल्या खिशातून भरायचे) 4.5 लाख, कर्ज 13.5 लाख. इथेच लोक चुकतात: साडेचार लाख जमले की गाडी दारात आणतात. त्यावर नावावर करणं, विमा, टायर-बॅटरीची डागडुजी याला लाखभर. भाड्याची बाकी पोच (माल मिळाल्याची सही केलेली पावती) जमा केल्यावर, कधी महिन्याने, कधी त्याहून उशिरा मिळते, म्हणून डिझेल-टोल फिरवायला 80 हजार. आणि हात न लावायचे 2 लाख, म्हणजे तीन हप्ते आणि एक मोठी दुरुस्ती. बेरीज सव्वाआठ लाखांच्या वर जाते. एवढे नसतील तर लहान गाडी बघा. राखीव रक्कम कापून मोठी गाडी घेऊ नका.

जुनी गाडी घेताना सरकारच्या ‘वाहन’ या संकेतस्थळावर तिचं कर्ज, कर, फिटनेस आणि ई-चलनं तपासा. फायनान्सचा बोजा असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणखी एक गोष्ट फार थोडे बघतात. नॅशनल परमिट (राज्याबाहेर माल नेण्याचा परवाना) साध्या दोन-ॲक्सल गाडीला, म्हणजे चाकांचे दोनच आस असलेल्या गाडीला, 12 वर्षांपर्यंतच मिळतं, मल्टिॲक्सलला 15 वर्षांपर्यंत. दहा टायरला तीन ॲक्सल, म्हणून ती मल्टिॲक्सल. अकरा वर्षांची दहा टायर चार वर्षांच्या कर्जावर घेतली, तर शेवटचा हप्ता आणि परमिट एकदमच संपतील.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी: 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रकवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे. जुना कोटेशनचा कागद असेल तर नवा मागा.

कर्जाचा दर कसा विचारावा

«नऊ टक्के फ्लॅट» हे शब्द कानाला गोड लागतात. 13.5 लाखांवर चार वर्षं नऊ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज 4.86 लाख आणि हप्ता 38,250. तेच कर्ज 14 टक्के रिड्युसिंगने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज मोजून घेतलं तर हप्ता सुमारे 36,900 येतो. म्हणजे नऊचा आकडा चौदापेक्षा महाग पडला! फ्लॅटमध्ये फेडलेल्या मुद्दलावरही व्याज मोजत राहतात. त्या नऊचा खरा दर 16 टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून एजंटाला फक्त एवढंच विचारा: रिड्युसिंगने किती, आणि एकूण परतफेड किती? लहान गाडीसाठी सरकारच्या मुद्रा योजनेत ‘तरुण’ नावाच्या गटात 10 लाखांपर्यंतचं कर्ज मिळतं, तेही बँकेत विचारून घ्या.

एका फेरीचा हिशेब

आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या रस्त्याचे आणि भावाचे टाका. जळगाव भागातून दिल्ली आणि परत मिळून 2,250 किलोमीटर धरू.

जाताना 18 टन केळी, टनाला 3,500, म्हणजे 63,000. येताना राजस्थानात किशनगढचा मार्बल किंवा दुसरं काही मिळून 48,000. एकूण 1,11,000.

खर्च: लिटरला चार किलोमीटरचा ॲव्हरेज आणि 92 रुपये लिटर धरून डिझेल 51,750. टोल 15,000. क्लीनर आणि रस्त्याची खर्ची 6,000. दलाली, हमाली, वजनकाटा 5,000. टायर: दहा टायरचा सेट साधारण सव्वादोन लाखांचा, 75,000 किलोमीटर चालला तर किलोमीटरला 3 रुपये, म्हणजे 6,750. सर्व्हिस-दुरुस्ती किलोमीटरला दीड रुपया, 3,375. एकूण 87,875. उरले 23,125.

माल भरण्या-उतरवण्याच्या वाट पाहण्यात दिवस जातात, म्हणून महिन्यात तीनच फेऱ्या धरा. 69,375 झाले. त्यातून हप्ता 36,900, विमा-परमिट-टॅक्स-फिटनेसची वर्षभराची रक्कम बारा महिन्यांत वाटून 9,000. हातात 23,475. ड्रायव्हर म्हणून दुसऱ्याच्या गाडीवर जवळपास एवढंच मिळालं असतं! म्हणजे कर्ज फिटेपर्यंत तुम्हाला फक्त स्वतःच्या सीटचा पगार मिळतोय, गाडीची कमाई हप्त्यात जातेय. हे मान्य असेल तरच सही करा. कर्ज फिटल्यावर गाडी तुमची, हे खरं. तोवर तिला जपणं हाच नफा.

आता येतानाचं भाडं 48,000 ऐवजी 36,000 करा. तीन फेऱ्यांचे मिळून 33,375 उरतात, आणि हप्तासुद्धा निघत नाही. या धंद्यात गाडीमालक बहुधा परतीच्या भाड्यात बुडतो. म्हणून दिल्लीकडच्या एखाद-दोन भरवशाच्या दलालांशी नातं जोडा आणि गाडी रिकामी होण्याच्या आदल्या दिवशीच फोन करा. चार दिवस थांबून दोन हजार जास्त मिळवण्यापेक्षा आज मिळतंय ते भरून निघालेलं बरं.

जास्त माल का घेऊ नये

तीन ॲक्सलच्या गाडीला गाडी आणि माल मिळून एकूण वजनाची मर्यादा 28.5 टन आहे, 2018 मध्ये ती 25 वरून वाढली. पाच टन जास्त भरले तर वरच्या भावाने 17,500 जास्त मिळतात. पकडलं गेलं तर दंड 20,000 आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000, म्हणजे 30,000, शिवाय जादा माल उतरवावा लागतो. आणि खानदेशात मे महिन्यात डांबर तापलेलं असताना जास्त भरलेल्या गाडीचा टायर फुटतो, तो हिशेब वेगळाच.

कागद आणि कर

ताज्या केळीला ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, कारण ती करमुक्त आहे. पाइपला लागतं, आणि त्याची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस असते. गाडी बिघडली तर ती मुदत संपण्याआधी वाढवून घ्यायला ट्रान्सपोर्टवाल्याला सांगा.

दहा किंवा त्याहून कमी गाड्यांच्या मालकाला प्राप्तिकरात सोपी सोय आहे, जुन्या कायद्यात ती कलम 44एई म्हणून ओळखली जाते. एकूण वजन 12 टनांवर असलेल्या गाडीचं उत्पन्न दर टनाला महिन्याला 1,000 रुपये धरतात. 28.5 टनांची गाडी वर्षभर असेल तर 3.42 लाख. खर्चाची पावती-पावती जपायची गरज उरत नाही. रिटर्न मात्र दरवर्षी भरा, पुढच्या गाडीच्या कर्जाला तेच कामी येतं. ट्रान्सपोर्टवाल्याला पॅनसह लेखी घोषणा दिली की भाड्यातून टीडीएस (आधीच कापला जाणारा प्राप्तिकर) कापत नाहीत.

विम्यात थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं; 2022 च्या दरपत्रकात 20 ते 40 टनांच्या गाडीला तो 43,950 होता. गाडीवर कर्ज असताना फक्त थर्ड पार्टीवर चालवू नका. मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघाती संरक्षण आहे का ते पॉलिसीत पाहा, आणि कर्जाच्या रकमेएवढा टर्म इन्शुरन्स वेगळा काढा. गाडीचे हप्ते, परमिटची तारीख, दलालांकडची बाकी हे सगळं घरच्यांना माहीत असेल अशा वहीत लिहा. वही घरी ठेवा, गाडीत नको.