नवा फिशटँक घेताना काच आणि सिलिकॉन कसं पारखावं

टँक रिकामा असतानाच मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून काचेच्या कडा बघा. पृष्ठभागावरचा बारीक ओरखडा चालेल. कडेचा टवका किंवा कोपऱ्यातून निघालेली केसाएवढी चीरही चालणार नाही, कारण पाण्याच्या दाबाने तडा तिथूनच पुढे सरकतो. जाडी दुकानदाराला विचारू नका, व्हर्नियरने मोजा. 2 फूट लांब आणि सव्वा फूट उंच टँकला 6 मिमी काच हवी. उंची वाढली की दाब वाढतो, तशी जाडीही वाढायला हवी.

आता सांधे. आतल्या कोपऱ्यातली जाड, गुळगुळीत पट्टी दिसायला छान, पण खरा भार पेलतो तो दोन काचांमधला सिलिकॉनचा थर. तो सगळीकडे सारखा, साधारण 1 मिमी असावा. काचेला काच टेकलेली नको. एखाददुसरा सुटा बुडबुडा ठीक. आतून बाहेरपर्यंत गेलेली बुडबुड्यांची माळ मात्र गळणारच. चंदेरी डाग दिसला, तर तिथे सिलिकॉन चिकटलेलंच नाही. नखाने दाबा: रबरासारखं परत यायला हवं. व्हिनेगरसारखा उग्र वास म्हणजे ते अजून पुरतं सुकलेलं नाही. बुरशीरोधक, बाथरूमचं सिलिकॉन वापरलेला टँक घेऊच नका, त्यातलं रसायन माशांना घातक असतं.

घरी सपाट जागी, फ्रेम नसल्यास खाली थर्माकोल घालून, टँक टप्प्याटप्प्याने भरा. सांध्यांखाली कोरडा कागद ठेवून 48 तास वाट बघा.