जुनं बॉस सीई-टू पेडल न बिघडवता कसं उघडायचं

सीई-टू म्हणजे बॉस कंपनीचं ते फिकट निळं कोरस पेडल, म्हणजे एका गिटारचा आवाज अनेक गिटार एकत्र वाजल्यासारखा करणारं, रेट आणि डेप्थ अशी फिरवायची दोनच बटणं. 1979 ला आलं आणि 1990 पर्यंत बनत होतं. कोरसचा तो आवाज मुळात रोलंड कंपनीच्या जेसी-120 या गिटार अँपमधला, 1975 चा, मग 1976 ला सीई-वन आलं आणि त्यानंतर हे छोटं भावंड. माझ्या हातात आलेल्या जुन्या पेडल्सपैकी बऱ्याच जणांचं नुकसान वयाने कमी आणि आधी उघडणाऱ्याच्या हातांनी जास्त झालेलं असतं, स्क्रूची डोकी गोल झालेली, वायरी ओढून तुटलेल्या, बोर्डावरचं तांबं उपटलेलं. बघून खरंच जीव तुटतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी पेडल खरंच बिघडलंय का ते बघा. मागे अॅडॅप्टरच्या जागी एसीए लिहिलं असेल तर ते जुन्या 12 व्होल्टच्या अॅडॅप्टरसाठी बनवलेलं आहे, त्याला आजचा रेग्युलेटेड 9 व्होल्टचा अॅडॅप्टर लावला की एलईडी मंद पेटतो आणि आवाजही बसल्यासारखा येतो, आणि लोक लगेच स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागतात. नवीन 9 व्होल्टची बॅटरी टाकून बघा. बॅटरीवर ठणठणीत वाजलं तर दोष पेडलचा नाहीच, उघडू नका.

उघडायचंच असेल तर दोन्ही केबल, अॅडॅप्टर आणि बॅटरी काढा. इनपुटला केबल लावली की बॅटरी चालू होते, त्यामुळे इनपुटची केबल विसरू नका.

आता स्क्रू ड्रायव्हर. हे जपानी पेडल आहे आणि त्याचे स्क्रू जेआयएस म्हणजे जपानी मानकाच्या पद्धतीचे, दिसायला फिलिप्ससारखेच पण खाचेचा आकार थोडा वेगळा. साधा फिलिप्स त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर सटकतो आणि डोकं खातो, आणि चाळीस वर्षं जाम बसलेल्या स्क्रूचं डोकं एकदा गेलं की मग ड्रिल मारण्यावाचून इलाज नाही. जेआयएसचा 2 नंबर घ्या, लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत विचारा, नाहीतर ऑनलाईन मागवा. पेडल उलटं करून टॉवेलवर ठेवा, ड्रायव्हर सरळ उभा धरून आधी खाली दाबा आणि मगच फिरवा. अजिबात हलत नसेल तर आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने फिरवा, कट असा आवाज आला की सुटतो.

खालच्या पत्र्याचे चार स्क्रू निघाले की पत्रा अलगद उचला. आत पत्रा आणि बोर्डाच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ तुकडा असतो, तो फेकू नका, तो नसेल तर बोर्डावरचे सोल्डरचे डाग पत्र्याला टेकून शॉर्ट होतात. पत्र्यावर सिरियल नंबरचा स्टिकर असतो, त्याला थिनर वगैरे लावू नका.

इथे थांबा आणि फोटो काढा, चार बाजूंनी, वायरींचे रंग नीट दिसतील असे. जॅक, पॉट (रेट-डेप्थच्या बटणांखालचा फिरणारा भाग), स्विच, एलईडी सगळं वायरींनी बोर्डाला जोडलेलं असतं आणि या वायरी जुन्या झाल्यामुळे डागाच्या जवळच तुटतात, म्हणून बोर्ड ओढून काढायचा नाही, पुस्तकाचं पान उलटावं तसा उलटायचा. पॉट नुसता खरखरत असेल तर तो काढायची गरज नाही, आत थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि वीस-तीस वेळा फिरवा. काढायचाच असेल तर बटणाला बाजूला छोटा स्क्रू आहे का बघा, नसेल तर सरळ वर ओढा. ड्रायव्हरने उचकटलंत तर रंग निघालाच.

पाय दिला तरी इफेक्ट चालू-बंद होत नसेल तर बहुतेक वेळा आतला छोटा टॅक्ट स्विच गेलेला असतो. पुढचा बोटांनी फिरवायचा मोठा स्क्रू सैल करून पायाची पट्टी उचला, खालची स्प्रिंग उडू देऊ नका. मल्टिमीटरने तपासा, दाबल्यावर बीप आलाच पाहिजे.

इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलायचे तर एकेक करून बदला, तेवढेच मायक्रोफॅरड, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त, आणि मायनसची पट्टी कुठल्या बाजूला होती ते आधी लिहून ठेवा. जुन्या बोर्डावरचं तांबं उष्णतेने पटकन सुटतं, सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नका, आधी थोडं नवं सोल्डर लावलं की जुनं लवकर वितळतं आणि सोल्डर ओढायच्या पंपाने स्वच्छ निघतं.

एमएन3007 हा आयसी या पेडलचा प्राण आहे, 1024 टप्प्यांचा, गिटारचा सिग्नल बादलीतून बादलीत ओतावा तसा पुढे सरकवतो आणि त्यातूनच कोरसला लागणारा उशीर तयार होतो. त्याला ठेका देणारा जोडीदार एमएन3101. बाकी सगळं तपासून झाल्याशिवाय यांना हात लावू नका, आणि हात लावण्याआधी एखाद्या अर्थ केलेल्या धातूला स्पर्श करा, स्टॅटिकने मरतात हे. एमएन3007 ची मूळ निर्मिती कधीच बंद झाली. त्याच्या जागी एमएन3207 चालत नाही, नंबर जवळचा दिसला तरी त्याची पोलॅरिटी वेगळी. बोर्डावरचा छोटा ट्रिमर (ड्रायव्हरने फिरवायचं बारीक सेटिंग) मात्र उगाच फिरवू नका, फिरवावाच लागला तर आधी मार्करने त्याची जागा खूण करून ठेवा.

बंद करण्याआधी पत्रा न लावताच बॅटरी जोडून वाजवून बघा. मग प्लास्टिकचा तुकडा, पत्रा, आणि चारही स्क्रू आधी बोटांनी बसवून मग कोपऱ्या-कोपऱ्याने घट्ट करा, फार जोर लावायचा नाही कारण पेडलचा साचा अॅल्युमिनियमचा आहे आणि त्यातले आटे पटकन जातात.