खाजनाचा संबंध-नकाशा कसा काढावा
गोव्यातील खाजन शेती, म्हणजे खाडीचे खारे पाणी बांधाने अडवून केलेली सखल जमिनीतील शेती, समजून घ्यायची असेल, तर तिच्या घटकांची नुसती यादी करण्यापेक्षा त्यांच्यातील संबंधांचा नकाशा काढणे अधिक उपयोगी ठरते. प्रथम मांडवी किंवा जुवारी नदीकाठच्या एकाच खाजनाची हद्द ठरवावी आणि बांध, मानस (बांधातील पाण्याचे दार), पोंय (मानसाच्या आतली पाणी साठणारी खोलगट जागा), कोरगूट भात (खारे पाणी सोसणारा स्थानिक वाण), मासे, खेकडे, खारफुटी, कुळे (जमीन कसणारे) व कोमुनिदाद (गावाची सामुदायिक जमीन सांभाळणारी संस्था) यांना कागदावर प्रत्येकी एक बिंदू द्यावा. माणसे वगळलेला नकाशा अपुराच राहतो. नंतर बाण काढून प्रत्येकावर काय वाहते आणि केव्हा, हे लिहावे. मानसाचेच पाहा: भरतीच्या दाबाने त्याची दारे मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर जाते, मात्र मासळीच्या लोभाने ती भरतीतही उघडी ठेवली, तर खारे पाणी शेतात शिरते, पीक बुडते, कसणारा शेत सोडतो, बांधाची डागडुजी थांबते आणि खेकड्यांनी पोखरलेला बांध फुटून आणखी खारे पाणी आत येते. असे वर्तुळ पूर्ण करणारे बाण लाल रंगाने काढावेत. सर्वाधिक बाण ज्या बिंदूला मिळतात तोच कळीचा, असे समजू नये. एकेक बिंदू खोडून उरलेले जाळे किती तुटते, हे तपासावे. पावसाळ्याचा नकाशा मात्र वेगळा काढावा, कारण पावसाने जमिनीतील मीठ धुऊन गेल्यावरच तेथे भात उभे राहते.