थेंबाच्या आकाराचा लाकडी ट्रेलर: आधी बाजू, मग बाकीचं

गाडीमागे ओढायचा, आत झोपायचा हा छोटा ट्रेलर पहिल्यांदाच करताय? मग चाकांची लोखंडी चौकट तयारच घ्या, तिथे हौस नको. खरं काम बाजूंचं. ८ बाय ४ फुटी, १८ मिमी प्लायच्या दोन शीट क्लॅम्पने एकत्र आवळा आणि थेंबाचा आकार एकदमच कापा. मी शहाणपणा करून वेगवेगळ्या कापल्या, त्या जुळल्याच नाहीत. मागचं झाकण अजूनही डाव्या कोपऱ्यातून पाणी पितं.

छताला ३ मिमी प्लायचे दोन थर. लाकडाच्या रेषा ट्रेलरच्या रुंदीच्या दिशेने ठेवा, वाकताना प्लाय कुरकुरत नाही. उघड्या कडांना इपॉक्सी (दोन द्रव मिसळून घट्ट होणारा, पाणी अडवणारा लेप) पाजा, कंटाळा आला तरी.

स्वयंपाकाचा ओटा मागच्या झाकणाखाली येतो, पण जड सामान पुढे ठेवा. एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकवर हवा. नाहीतर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलतो.