अमेरिकेची राज्यघटना समजून घेताना या चुका टाळा

अमेरिकी राजकारणाच्या बातम्या वाचताना किंवा स्पर्धा परीक्षेसाठी तुलनात्मक राज्यघटनेच्या नोट्स काढताना बहुतेक घोळ एकाच कारणाने होतात. वाचतो वॉशिंग्टनबद्दल, पण डोक्यात असते आपली संसद. आपल्याकडे सरकार लोकसभेच्या बहुमतातून उभे राहते आणि बहुमत गेले की पडते. तिथे राष्ट्राध्यक्षाला चार वर्षांची ठरलेली मुदत आहे, अविश्वास ठराव नाही, आणि काँग्रेसचा (म्हणजे तिथल्या संसदेचा; प्रतिनिधिगृह आणि सिनेट ही तिची दोन सभागृहे) सदस्य असताना मंत्रिपद घेताच येत नाही.

१७७६ आणि १७८७ एकत्र करणे

४ जुलै १७७६ हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा दिवस. राज्यघटनेवर फिलाडेल्फियात ३९ प्रतिनिधींनी सह्या केल्या त्या १७ सप्टेंबर १७८७ रोजी. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे जेफरसन तेव्हा पॅरिसमध्ये होते, त्यामुळे त्यांना 'घटनाकार' म्हणणे चूक. मधला दुवा मात्र हमखास गाळला जातो. १७८१ पासून राज्यांचा एक सैल संघ अस्तित्वात होता. त्यात केंद्राला कर बसवता येत नव्हता आणि संघाच्या करारात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती लागत होती. हे ठाऊक नसेल तर १७८७ मध्ये केंद्राला करांचे आणि व्यापार नियमनाचे अधिकार का दिले, याचे उत्तर सापडत नाही.

'महाभियोग झाला, म्हणजे पद गेले'

ही सर्वांत चिवट चूक. महाभियोग म्हणजे फक्त आरोपपत्र. ते प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने मंजूर करते. खटला चालतो सिनेटमध्ये, आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन १८६८ मध्ये एका मताने वाचले: ३५ विरुद्ध १९, हवी होती ३६. फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध ५७ मते पडली, हवी होती ६७. क्लिंटनही सुटले. निक्सन यांच्यावर तर प्रतिनिधिगृहात मतदानच झाले नाही, त्याआधीच १९७४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. थोडक्यात, आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाला सिनेटने पदावरून काढलेले नाही. बातमीत 'महाभियोग मंजूर' असे दिसले की आधी कोणत्या सभागृहात ते पाहा.

पॉकेट व्हेटो दोन्हीकडे सारखाच मानणे

परीक्षेत इथे गुण जातात. अमेरिकेत विधेयक हाती आल्यावर राष्ट्राध्यक्षाला रविवार वगळून दहा दिवस मिळतात. सही केली नाही, परतही पाठवले नाही आणि काँग्रेसचे कामकाज चालू असेल, तर सहीविनाच कायदा होतो. त्या दहा दिवसांत काँग्रेस स्थगित झाल्यामुळे विधेयक परत पाठवता आले नाही, तरच ते मरते. हा खरा पॉकेट व्हेटो. राष्ट्रपतींच्या संमतीबद्दलच्या आपल्या कलम १११ मध्ये दिवसांची मर्यादाच नाही. म्हणून १९८६ चे टपाल विधेयक राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांना नुसते ठेवून देता आले. अमेरिकेत नेहमीचा नकाराधिकार (व्हेटो) मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. पॉकेट व्हेटो मोडण्याची सोयच नाही, विधेयक नव्याने आणावे लागते.

कार्यकारी आदेशाला कायदा समजणे

कार्यकारी आदेश म्हणजे राष्ट्राध्यक्षाने स्वतः काढलेला आदेश. कॅमेऱ्यासमोर मोठ्या पेनाने सही झाली म्हणून त्याचा कायदा होत नाही. आदेशाला एकतर घटनेतला अधिकार किंवा काँग्रेसने केलेला कायदा आधाराला लागतो. कोरियन युद्धाच्या काळात, १९५२ मध्ये, ट्रुमन यांनी पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेण्याचा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने तो ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केला, कारण असा कोणताच आधार नव्हता. शिवाय पुढचा राष्ट्राध्यक्ष जुना आदेश सहीसरशी मागे घेऊ शकतो. कायदा मागे घ्यायचा तर पुन्हा काँग्रेसकडेच जावे लागते.

घटनेत नसलेल्या गोष्टी घटनेत शोधणे

सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश असतात, पण हा आकडा १८६९ च्या कायद्यातला आहे. सिनेटमध्ये चर्चा थांबवायला लागणारी ६० मते हा सिनेटचा स्वतःचा नियम. कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकारही मजकुरात स्पष्ट लिहिलेला नाही. १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन निकालात तो ठामपणे मांडला गेला. उलट, आपल्या कलम १४३ सारखा सर्वोच्च न्यायालयाकडे सल्ला मागण्याचा मार्ग तिथे नाही. १७९३ मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सरकारने कायदेशीर प्रश्नांवर मत मागितले तेव्हा न्यायाधीशांनी नम्रपणे नकार दिला. प्रत्यक्ष वाद समोर असेल तरच निकाल, हा शिरस्ता आजही पाळला जातो.

केंद्र की राज्य, हे न पाहणे

राष्ट्राध्यक्षाची माफी फक्त केंद्रीय गुन्ह्यांना लागू होते. राज्याच्या न्यायालयात शिक्षा झाली असेल तर तिचा उपयोग नाही. शेषाधिकारांचे (कोणालाच नेमून न दिलेल्या उरलेल्या अधिकारांचे) गणितही आपल्या उलट: आपल्याकडे ते केंद्राकडे, तिथे दहाव्या दुरुस्तीनुसार राज्यांकडे किंवा जनतेकडे. पात्रतेचे नियमही पदागणिक बदलतात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक लढू शकले आणि २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहाचे सदस्यही झाले, कारण तिथे सात वर्षांचे नागरिकत्व पुरते. सिनेटसाठी नऊ वर्षे लागतात. राष्ट्राध्यक्षपद मात्र त्यांना बंद आहे. त्यासाठी जन्मतःच नागरिक असावे लागते.

घटनादुरुस्तीत राष्ट्राध्यक्षाला ओढणे

घटनादुरुस्तीला राष्ट्राध्यक्षाची सही लागत नाही आणि त्याचा नकाराधिकारही चालत नाही. दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी प्रस्ताव मांडायचा (किंवा ३४ राज्यांच्या मागणीवरून परिषद बोलवायची, जे आजवर घडलेले नाही), मग ३८ राज्यांनी मंजुरी द्यायची. म्हणजे १३ राज्ये अडून बसली की विषय थांबतो. मूळ घटनेत मंजुरीला मुदत नाही. काँग्रेस सदस्यांच्या पगाराबद्दलची सत्ताविसावी दुरुस्ती १७८९ मध्ये मांडली गेली आणि पूर्ण झाली १९९२ मध्ये!

कलम वाचून तिथेच थांबणे

आपल्याकडे दुरुस्ती झाली की मूळ कलमाचा मजकूरच बदलतो. अमेरिकेत जुना मजकूर जागच्या जागी राहतो आणि दुरुस्त्या शेवटी जोडल्या जातात. पहिल्या कलमात आजही सिनेटर राज्यांच्या विधिमंडळांनी निवडायचे असे छापलेले असते. १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीने ती निवड थेट मतदारांकडे दिली, हे कळायला शेवटची पाने उलटावी लागतात. क्रमांक देतानाही सांभाळा. कलमे फक्त सात आहेत आणि प्रत्येक कलमात पोटकलमांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. तेव्हा 'कलम ८ नुसार काँग्रेसला युद्ध पुकारण्याचा अधिकार' असे लिहू नका. ते 'कलम १, पोटकलम ८' आहे.